कार्याधिष्ठित अध्यापन आणि माध्यमिक शाळेतील इंग्रजी वाचन : एक परीक्षण

(१)

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविण्यात येतो. म्हणजे शालान्त परीक्षेस बसणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. एवढ्या अवधीनंतर, पूर्वी न पाहिलेले एखादे साधे इंग्रजी पान त्याने स्वतःच्या बळावर वाचावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, रेल्वेच्या आरक्षणाचे नियम, एखाद्या यंत्रासोबत आलेले माहितीपत्रक ही अशा पानांची उदाहरणे होत. तथापि पाठ्यपुस्तकातील पाठावरचे प्रश्न बिनचूक सोडविणारा विद्यार्थीही अशा पानापुढे अडखळतो, हा माध्यमिक शिक्षकांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. इंग्रजीच्या तासिकेत शिक्षक पाठातील एकेक वाक्य मोठ्याने वाचतो, त्याचा मराठी अर्थ सांगतो, कठीण शब्द फळ्यावर लिहून देतो आणि अखेरीस पाठाखालील प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवून देतो. जेथे शिक्षक उत्तरे देत नाही, तेथे बाजारातील गाइड देते. या व्यवहारात वाचन शिक्षकाचे असते, अर्थही शिक्षकाचाच असतो. विद्यार्थ्याच्या वाट्यास लेखनिकाचे काम येते. इंग्रजी वाचण्याचा तास दररोज होतो, परंतु त्या तासात विद्यार्थी इंग्रजी वाचीत नाही.

ही चिंता नवी नाही. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य असलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बंगाली विद्यार्थ्यास इंग्रजीची सर्वांत मोठी गरज वाचनासाठी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातील एक कल्पना उपयोगात आणली. विम्याचे हप्ते मध्येच थांबविले, तर ग्राहकाच्या हाती जी रक्कम पडते तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. शिक्षण मध्येच सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती त्या वेळेपर्यंतच्या अभ्यासातून काय पडते, हा प्रश्न वेस्ट यांनी विचारला. अर्धवट बोलता येणे किंवा अर्धवट लिहिता येणे यांचा उपयोग मर्यादित असतो; थोडेबहुत वाचता येणे मात्र पुढे स्वतःच्या प्रयत्नाने वाढविता येते. नववी-दहावीनंतर शाळा सोडणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला, तर हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

गेल्या चार दशकांत या दुखण्यावर जे अनेक उपाय सुचविण्यात आले, त्यांत ‘कार्याधिष्ठित अध्यापन’ या उपायाचा बोलबाला मोठा आहे. शिक्षणशास्त्राच्या विभागांतून त्यावर प्रबंध लिहिले जातात आणि प्रशिक्षणवर्गांतून त्याचा पुरस्कार होतो. या पद्धतीपासून वाचनास नेमका कोणता लाभ होतो, कोणता होत नाही, आणि झालेला लाभ ज्या पुराव्याने सिद्ध करण्यात येतो तो पुरावा कितपत भरवशाचा आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

कार्याधिष्ठित अध्यापनाचा उगम सांगताना आज बहुधा पाश्चात्त्य ग्रंथकारांची नावे पुढे येतात. वस्तुतः या विचाराचा पहिला मोठा शालेय प्रयोग दक्षिण भारतात झाला. १९५०-६० च्या दशकांत भारतात इंग्रजीच्या अध्यापनात संरचनात्मक पद्धतीचा प्रसार झाला होता. भाषेतील वाक्यरचना सोप्यापासून कठीणापर्यंत क्रमाने मांडाव्यात, एकेक रचना प्रसंगाच्या आधारे सादर करावी आणि सरावाने ती दृढ करावी, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. वर्गात घोटून घेतलेली रचना वर्गाबाहेर उपयोगात येत नाही, हे कालांतराने दिसून येऊ लागले. या असमाधानातून ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयातील एन. एस. प्रभू यांनी बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या सहकार्याने १९७९ ते १९८४ या काळात एक प्रकल्प चालविला. ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याचे विवेचन प्रभू यांच्या ‘सेकंड लँग्वेज पेडगॉजी’ या १९८७ च्या ग्रंथात आले आहे.

प्रभू यांची भूमिका थोडक्यात अशी : विद्यार्थ्याचे चित्त अर्थावर केंद्रित झाले असता भाषेची रचना त्याच्या मनात आपोआप आकार घेते, म्हणून रचनांची यादी करून ती शिकविण्याऐवजी विद्यार्थ्यापुढे विचार करावयास लावणारी कार्ये ठेवावीत. कार्यांचे त्यांनी तीन प्रकार मानले. एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे हा पहिला प्रकार. दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढणे हा दुसरा. स्वतःची आवड किंवा मत व्यक्त करणे हा तिसरा. यांपैकी दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे तर्काच्या कार्यांवर, त्यांचा विशेष भर होता. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, दिनदर्शिका, एखाद्या संस्थेचे नियम ही त्यांची साधने. प्रत्येक पाठाचे दोन भाग असत. प्रथम शिक्षक सर्व वर्गाबरोबर एक कार्य उघडपणे सोडवून दाखवी; त्यानंतर तशाच स्वरूपाचे दुसरे कार्य प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे सोडवी. वर्गातील निम्म्या मुलांना निम्मे तरी कार्य साधले, तर त्याचा कठीणपणा योग्य समजावा, असा व्यावहारिक मापदंड होता.

प्रकल्पातील दोन गोष्टींचा आज सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. पहिली गोष्ट ही की, प्रभू यांनी गटकार्याचा पुरस्कार केला नाही. एकाच पातळीची अपुरी भाषा असलेली मुले एकमेकांशी बोलू लागली, तर त्यांच्या चुकाच दृढ होतील, असे त्यांना वाटत असे. दुसरी गोष्ट अशी की, त्यांच्या वर्गात हालचाल, खेळ किंवा अभिनय यांना महत्त्व नव्हते. मुले बाकांवर बसून विचार करीत. आज कार्याधिष्ठित अध्यापन म्हणून जे दाखविण्यात येते, त्यात चार-पाच मुलांचे गट, रंगीत तक्ते आणि गटप्रमुखाचे निवेदन यांची रेलचेल असते. या गोष्टी वाईट आहेत असे नाही. जेन विलिस यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात जो आराखडा मांडला, त्यात गटातील चर्चा व वर्गापुढील निवेदन यांना रीतसर स्थान आहे. परंतु या बाह्य लक्षणांनाच पद्धतीचा गाभा मानले, तर वाचनाच्या बाबतीत मोठी गफलत होते. गटातील एक हुशार मुलगी उतारा वाचते, मराठीत इतरांस सांगते आणि सर्वजण मिळून तक्ता भरतात. कार्य पूर्ण होते, पण वाचन एकटीचेच होते. पूर्वी शिक्षक जे करीत होता तेच आता वर्गमैत्रीण करते, एवढाच काय तो फरक.

या गोंधळास आपली परिभाषाही काही अंशी कारणीभूत आहे. ‘कृती’, ‘उपक्रम’ आणि ‘कार्य’ हे शब्द मराठी शिक्षणविषयक लेखनात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. रिकाम्या जागा भरणे ही कृती आहे, हस्तलिखित काढणे हा उपक्रम आहे; परंतु यांपैकी कोणतेही कार्य असेलच असे नाही. ज्याचा शेवट भाषेबाहेरील एखाद्या निर्णयात वा निष्पत्तीत होतो, आणि ती निष्पत्ती गाठण्यासाठी भाषेतून अर्थ मिळविणे ज्यात अपरिहार्य असते, तेच या अर्थाने कार्य होय.

(३)

वाचनाच्या दृष्टीने चांगले कार्य कसे असते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, नववीच्या वर्गापुढे शालेय वाचनालयाच्या नियमांचा एक लहानसा इंग्रजी उतारा ठेवला आहे. सभासदास एका वेळी दोन पुस्तके चौदा दिवसांसाठी मिळतील, असा एक नियम त्यात आहे. पुस्तकाची मुदत एकदा वाढवून मिळेल, परंतु दुसऱ्या सभासदाने ते मागितले असल्यास मिळणार नाही, हा दुसरा नियम इंग्रजीत ‘अनलेस’ या अव्ययाने सांगितला आहे. शिक्षकांखेरीज कोणालाही संदर्भग्रंथ घरी नेता येणार नाहीत, आणि शिक्षकांनीही ते पुढील कामाच्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी परत केले पाहिजेत, हा तिसरा नियम ‘एक्सेप्ट’ या शब्दावर आणि एका संबंधदर्शक उपवाक्यावर उभा आहे.

प्रचलित पद्धतीत या उताऱ्यावर प्रश्न विचारला जाईल : सभासदास एका वेळी किती पुस्तके मिळतात? प्रश्नातील ‘सभासद’ व ‘पुस्तके’ या अर्थाचे शब्द उताऱ्यात ज्या ओळीत दिसतात, ती ओळ वहीत उतरविली की पूर्ण गुण. उताऱ्याचा अर्थ मुळीच न कळता हे साधते.

आता याच उताऱ्यावर कार्य द्यावयाचे झाले, तर विद्यार्थ्यास ग्रंथपालाच्या जागी बसवावे आणि त्याच्यापुढे चार वाचक आणावेत. पहिल्याची मुदत आज संपते व त्याने ती यापूर्वी एकदा वाढवून घेतली आहे. दुसरीने मुदत कधीच वाढविली नाही, परंतु तिच्या जवळचे पुस्तक काल दुसऱ्या एका मुलाने मागितले आहे. तिसरा शब्दकोश घरी नेऊ इच्छितो. चौथ्या म्हणजे भूगोलाच्या शिक्षिका. त्यांनी शनिवारी नेलेला नकाशासंग्रह सोमवारी दुपारी आणून दिला आहे. कोणास हो म्हणावयाचे, कोणास नाही, आणि कोणत्या नियमाच्या आधारे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे ठरवावयाचे.

या कार्याचे तीन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. उतारा वाचल्यावाचून ते सुटत नाही, हा पहिला. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधून ते सुटत नाही, हा दुसरा. कारण ‘शब्दकोश’ हा शब्द उताऱ्यात नाहीच, तो संदर्भग्रंथ होय हे विद्यार्थ्याने जाणावयाचे आहे. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा : उत्तर चुकले, तर वाचन कोठे अडले ते त्या चुकीवरून कळते. दुसऱ्या वाचकाची मुदत वाढवून देणाऱ्या विद्यार्थ्याने ‘अनलेस’चा अर्थ ‘जर’ असा घेतला, हे उघड आहे. चौथ्या प्रसंगात शिक्षिकेस निर्दोष ठरविणाऱ्याने ‘एक्सेप्ट’पर्यंतचे वाक्य वाचले, पुढचे उपवाक्य त्याच्या ध्यानी आले नाही. मराठीत ‘जो-तो’च्या रचनेत संबंधी उपवाक्य सामान्यतः आधी येते, इंग्रजीत ते नामाच्या मागून येते आणि मूळ वाक्याचे पारडे फिरवून जाते. मराठी वाचकाची नजर तेथे पोहोचण्यापूर्वीच अर्थ पुरा झाल्याची समजूत होते. उतारा उतरवून घेण्याच्या पद्धतीत ही अडचण कधीच उघडकीस येत नाही.

कार्याधिष्ठित अध्यापनाचा वाचनास होणारा खरा लाभ हा आहे. ही पद्धती विद्यार्थ्यास मजकुराकडे जाण्याचे कारण पुरविते, आणि शिक्षकास विद्यार्थ्याच्या वाचनात डोकावण्याची खिडकी उघडून देते. आनंद, सहभाग, आत्मविश्वास या ज्या गोष्टींचा उल्लेख प्रबंधांतून आवर्जून येतो, त्या इष्ट असल्या तरी आनुषंगिक आहेत.

(४)

तथापि वाचनाचे कारण मिळणे आणि वाचनाचे सामर्थ्य मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ साली एका लेखात विचारलेला प्रश्न येथे मार्मिक ठरतो : परक्या भाषेतील वाचनाची अडचण ही वाचनाची अडचण आहे की भाषेची? मातृभाषेत उत्तम वाचणारा विद्यार्थी इंग्रजीत अडखळतो, तेव्हा त्यास वाचावे कसे हे ठाऊक असते. भाषेचे ज्ञान मात्र एका किमान मर्यादेपर्यंत पोहोचलेले नसते. ही मर्यादा ओलांडल्याशिवाय मातृभाषेतील वाचनकौशल्य त्याच्या मदतीस येऊ शकत नाही, असा विचार त्यानंतरच्या संशोधनात बळावला.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत ही मर्यादा किती कठोर आहे, याची कल्पना हू व नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासावरून येते. कोणाच्याही मदतीशिवाय कथात्मक मजकूर समाधानकारकपणे समजावयाचा, तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकास परिचित असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच शब्द अनोळखी असावा. आपल्या माध्यमिक वर्गातील पुष्कळ विद्यार्थ्यांना दर ओळीत दोन-तीन शब्द अडतात. अशा विद्यार्थ्यापुढे कितीही कल्पक कार्य ठेवले, तरी तो कार्याच्या परिस्थितीवरून तर्क करील आणि मजकुरास वळसा घालील. वाचनालयाच्या नियमांचा त्यास आधीच अनुभव असेल, तर तो अनुभवाने उत्तर देईल, वाचनाने नव्हे. तर्काच्या कार्याचा हा एक अंगभूत धोका आहे : चतुर विद्यार्थी भाषेची उणीव बुद्धीने भरून काढतो, आणि शिक्षकास वाटते की तो वाचू लागला.

याहून प्राथमिक अडचण शब्द ओळखण्याची आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराचसा नियमित असतो. म्हणून मराठी मूल एकदा बाराखडी शिकले की अनोळखी शब्दही उच्चारू शकते. इंग्रजी वर्णलेखन तसे नाही. एकाच स्वरचिन्हाचे अनेक उच्चार आणि एकाच उच्चारासाठी अनेक लेखनप्रकार असल्यामुळे, प्रत्येक शब्दाशी झटापट करण्यातच विद्यार्थ्याचे अवधान खर्ची पडते. वाक्याच्या अर्थासाठी ते शिल्लक उरत नाही. शब्दांची ही ओळख विनासायास होण्यास पुनःपुन्हा वाचन हाच मार्ग आहे. कार्यात वाचावयाचा मजकूर शे-दोनशे शब्दांचा असतो, आणि तासिकेचा बराच वेळ विचार व चर्चा यांत जातो. म्हणजे कार्याने वाचन सखोल होते, पण ते विपुल होत नाही.

विपुल वाचनाचे फळ काय असते, हे एली व मंगुभाई यांनी फिजी बेटांतील ग्रामीण प्राथमिक शाळांत केलेल्या प्रयोगावरून दिसते. त्याचा वृत्तांत १९८३ साली प्रसिद्ध झाला. चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे अडीचशे रंजक इंग्रजी गोष्टींची पुस्तके पुरविण्यात आली. काही वर्गांत शिक्षक मुलांबरोबर ती वाचीत, काही वर्गांत मुले मूकवाचन करीत. नेहमीचा संरचनात्मक अभ्यासक्रम चालविणाऱ्या वर्गांपेक्षा या दोन्ही प्रकारच्या वर्गांची वाचनातील प्रगती पहिल्या आठ महिन्यांतच स्पष्टपणे पुढे गेली. या मुलांना तर्काची कार्ये दिलेली नव्हती. पुस्तके व वाचनास वेळ मात्र दिलेला होता.

मायकेल स्वान यांनी २००५ साली कार्याधिष्ठित पद्धतीवर जी टीका केली, तिचा रोख याच उणिवेकडे आहे. जेथे विद्यार्थ्यास वर्गाबाहेर ती भाषा क्वचितच भेटते व आठवड्यातील मोजक्या तासिकाच हाती असतात, तेथे नवी भाषा पुरविण्याचे काम ही पद्धती पुरेसे करीत नाही. असलेल्या भाषेचा उपयोग करावयास मात्र ती शिकविते, असा त्यांचा आक्षेप आहे. हा आक्षेप संपूर्ण मान्य केला पाहिजे असे नाही. रॉड एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी कार्याच्या आधी, मध्ये वा नंतर भाषारूपाकडे लक्ष वेधण्याच्या रीती दाखविल्या आहेत. वर ‘अनलेस’च्या निमित्ताने जी चर्चा वर्गात होऊ शकते, ती याच स्वरूपाची आहे. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर स्वान यांनी वर्णिलेली परिस्थिती तंतोतंत आपलीच आहे, हे नाकारता येत नाही.

(५)

आता पुराव्याकडे वळू. बंगलोर प्रकल्पाचे मूल्यमापन ॲलन बेरेटा व ॲलन डेव्हिस यांनी केले व ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. प्रकल्पातील वर्ग व त्याच शाळांतील संरचनात्मक पद्धतीने शिकणारे वर्ग यांची त्यांनी तुलना केली. या मूल्यमापनाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे कसोट्यांची योजना. एकाच कसोटीने दोन्ही पद्धतींस न्याय मिळणार नाही, हे ओळखून त्यांनी तीन प्रकारच्या कसोट्या घेतल्या : एक संरचनात्मक अभ्यासक्रमास अनुकूल, एक कार्याधिष्ठित अध्यापनास अनुकूल, आणि उरलेल्या कोणत्याही एका बाजूस न झुकणाऱ्या. श्रवण व वाचन यांचे आकलन, श्रुतलेखन आणि संदर्भातील व्याकरण यांचा समावेश या तटस्थ कसोट्यांत होता. निकाल असा लागला की, संरचनांच्या कसोटीत संरचनात्मक वर्ग सरस ठरले व कार्यांच्या कसोटीत प्रकल्पातील वर्ग. तटस्थ कसोट्यांचा कौल एकंदरीत प्रकल्पाच्या बाजूस झुकला. परंतु तो सर्वत्र सारखा नव्हता. शिवाय वर्गांची निवड यादृच्छिक नव्हती आणि दोन्हीकडील शिक्षकही समान नव्हते, या मर्यादा मूल्यमापनकारांनीच नमूद केल्या.

ज्या प्रकारात शिकविले त्या प्रकारात विद्यार्थी सरस ठरतो, ही पहिल्या दोन कसोट्यांची साक्ष आहे. एवढे समजण्यास खरे म्हणजे प्रयोगाचीही गरज नाही. असे असूनही आपल्या विभागांतील लघुप्रबंधांची मांडणी बहुधा एकाच साच्यातून निघालेली असते. एका शाळेतील एका इयत्तेच्या दोन तुकड्या घ्यावयाच्या. एकीस ‘पारंपरिक पद्धतीने’ व दुसरीस कार्याधिष्ठित पद्धतीने काही आठवडे शिकवावयाचे. पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घ्यावयाची. सरासरींतील फरक सार्थ असल्याचे टी-मूल्याने दाखवावयाचे. आणि पद्धतीची परिणामकारकता सिद्ध झाली म्हणून शिफारशी करावयाच्या. या साच्यात चार दोष आहेत.

पहिला दोष कसोटीचा. उत्तरचाचणी संशोधकाने स्वतः तयार केलेली असते आणि तिचे प्रश्न प्रायोगिक तुकडीने सोडविलेल्या कार्यांच्याच जातीचे असतात. अशा चाचणीत प्रायोगिक तुकडी पुढे गेली नाही, तरच नवल. दुसरा दोष शिक्षकाचा. प्रायोगिक तुकडीस उत्साही संशोधक शिकवितो व नियंत्रित तुकडीस शाळेतील शिक्षक. मग फरक पद्धतीचा की व्यक्तीचा, हे कळावे कसे? तिसरा दोष काळाचा. काही आठवड्यांच्या नावीन्याने जी जाग येते, ती पुढील सत्रात टिकते की नाही, हे पाहण्यासाठी विलंबित चाचणी क्वचितच घेतली जाते.

चौथा दोष सर्वांत खोल असून त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. पारंपरिक तासिकेत विद्यार्थी स्वतः वाचीत नाही, हे आरंभी सांगितलेच आहे. कार्याधिष्ठित तासिकेत तो, थोडे का होईना, स्वतः वाचतो. म्हणजे दोन तुकड्यांत एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात : वाचनाचे कारण आणि वाचनाचे प्रमाण. प्रगती झाली, तर ती कार्यामुळे झाली की केवळ स्वतः वाचल्यामुळे झाली, याचा उलगडा द्विगट रचनेने होऊच शकत नाही. फिजीतील अनुभव लक्षात घेता दुसरी शक्यता मुळीच उपेक्षणीय नाही. यावर उपाय अवघड नाही. तिसरी एक तुकडी घ्यावी. तिला तेवढाच वेळ, त्याच कठीणपणाचे मजकूर केवळ मूकवाचनासाठी द्यावेत, कार्य मुळीच देऊ नये. त्यानंतर तिन्ही तुकड्यांची परीक्षा, एकीनेही ज्याचा सराव केलेला नाही अशा मजकुरावर घ्यावी आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी. शक्य तेथे शिक्षकांची अदलाबदल करावी, आणि प्रत्येक तुकडीत प्रत्यक्ष काय घडले याची तासिकावार नोंद ठेवावी. कार्याधिष्ठित तुकडी मूकवाचनाच्या तुकडीपेक्षाही पुढे गेली, तरच कार्याचे श्रेय कार्यास देता येईल. ती मागे पडली अथवा बरोबरीत राहिली, तरी निष्कर्ष मोलाचाच ठरेल. कारण पुस्तके पुरविणे हे शिक्षकांचे प्रशिक्षण करण्यापेक्षा कदाचित सुलभ असेल.

(६)

शिक्षकांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. प्रकल्पाच्या अंमलबजावणीची चिकित्सा बेरेटा यांनी १९९० साली केली. प्रकल्पात नेहमीचे शालेय शिक्षक थोडे व प्रशिक्षणसंस्थांतील अनुभवी मंडळी अधिक होती. आणि नव्या पद्धतीचे मर्म आत्मसात करण्यात बाहेरून आलेले शिक्षक शालेय शिक्षकांहून बरेच पुढे होते, असे त्यांस आढळले. यात शालेय शिक्षकाचा कमीपणा नाही. कार्याधिष्ठित तासिकेत प्रश्न आधी ठरविता येतात, परंतु उत्तरे ठरविता येत नाहीत. विद्यार्थ्याच्या अनपेक्षित उत्तरामागील वाचन क्षणात ताडावयाचे आणि त्यास पुन्हा मजकुराकडे वळवावयाचे, हे कौशल्य इंग्रजीवर सहज प्रभुत्व व पुरेसा अवसर यांची मागणी करते. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, अर्ध्या-पाऊण तासाची तासिका आणि पुरा करावयाचा अभ्यासक्रम यांच्या कचाट्यातील शिक्षकास हे परिपत्रकाने साधणार नाही. त्याच वर्षी प्रभू यांनी एका लेखात, सर्वोत्तम अशी कोणतीच पद्धती नसते. शिक्षक जे करतो त्यामागे त्याची स्वतःची जिवंत खात्री असणे महत्त्वाचे असते, असा विचार मांडला. एका पद्धतीच्या प्रवर्तकाने असे म्हणावे, हे विशेष होय.

परीक्षेची गोष्टही याहून निराळी नाही. अलीकडे राज्याच्या शालान्त परीक्षेत भाषाविषयांच्या प्रश्नपत्रिकेस ‘कृतिपत्रिका’ हे नाव मिळाले. घोकंपट्टीस आळा घालण्याचा हेतू त्यामागे होता व तो स्वागतार्ह आहे. परंतु कृतींचे प्रकार एकदा ठरून गेले, की त्यांचेही सरावसंच निघतात. चौकट भरावयाची युक्ती शिकविता येते, आणि उतारा न समजता आकृतिबंध पुरा करणारा विद्यार्थी तयार होतो. कार्याचे मोल त्याच्या अनपेक्षितपणात आहे. ज्या कार्याचे स्वरूप विद्यार्थ्यास जूनमध्येच ठाऊक असते, ते मार्चपर्यंत कार्य राहिलेले नसते.

तेव्हा माध्यमिक शाळेतील इंग्रजी वाचनाच्या संदर्भात कार्याधिष्ठित अध्यापनाचे स्थान पुढीलप्रमाणे ठरविता येईल. वाचनासाठी आवश्यक असलेली भाषा पुरविण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. ते सोप्या पुस्तकांच्या विपुल वाचनाने आणि शब्द व रचना यांच्या थेट अध्यापनाने व्हावयास पाहिजे. विद्यार्थ्यास मजकुराशी एकट्याने सामना करावयास लावणे, आणि त्या सामन्यात तो कोठे हरला हे शिक्षकास दाखविणे, ही तिची कामगिरी होय. आठवड्यातून एक तासिका जरी या रीतीने झाली व उरलेल्या वेळेपैकी काही भाग मूकवाचनास मिळाला, तरी आजच्या स्थितीत तो मोठाच पालट ठरेल. त्या पालटाचे मोजमाप मात्र प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणातील कोष्टकांत करून भागणार नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या हाती एखादे अपरिचित इंग्रजी पान पडेल, आणि त्या वेळी शेजारी शिक्षक नसेल, गाइड नसेल व गटही नसेल. तेथे तो काय करतो, हीच या अध्यापनाची अखेरची कसोटी आहे.